डाव्या खिशातलं जादा मॅगझीन

डेल्मर स्ट्राउडच्या पँटच्या डाव्या खिशाला घरात फार मान होता. त्या खिशात रुमाल जायचा नाही, सुटे पैसे जायचे नाहीत, नातीसाठी घेतलेलं चॉकलेटसुद्धा जायचं नाही. तिथे एकच वस्तू राहायची: पिस्तुलाचं जादा मॅगझीन. तळहाताएवढी, चपटी, लोखंडी पेटी आणि तिच्यात ठासून भरलेल्या पंधरा गोळ्या. पिस्तूल उजव्या कमरेला, शर्टाखाली, कुणाच्या डोळ्यावर न येईल असं. तसलंच एक मॅगझीन पिस्तुलाच्या मुठीत असायचं, ते वेगळं. वेळ पडली तर डावा हात न बघता खिशात गेला पाहिजे आणि हाताला दुसरं काही लागता कामा नये, हा त्याचा नियम होता.

त्याच्या बायकोला, नेटाला, या नियमाची चाळीस वर्षांत एकदाही भीती वाटली नाही. हसू मात्र रोज यायचं.

"दुकानातून दुधाचा कॅन आणायला पंधरा गोळ्या पुरत नाहीत का रे तुला? दूधवाला काय फौज घेऊन बसलाय?"

"गोळ्या संपतील म्हणून नाही ठेवत गं. मॅगझीन दगा देतं म्हणून ठेवतो."

यात तथ्य होतं, आणि डेल्मरने ते स्वतः अनुभवलेलं होतं. तो अमेरिकेतल्या मिझुरीच्या डोंगरात विजेच्या तारा जोडायचा. एकदा एका ओसाड घराशी खांबावरून खाली उतरला, तर सात मोकाट कुत्री वाट बघत उभी. पिस्तूल काढलं, नळीत आधीच चढवलेली एक गोळी जमिनीत मारली, आणि दुसऱ्या वेळी नुसतीच टक्. खांबावर चढायच्या जाड पट्ट्याने मुठीवरचं बटण दाबलं गेलं होतं आणि मॅगझीन कधीच सटकून गवतात पडलं होतं. डावा हात खिशात गेला, जादा मॅगझीन मुठीत बसलं, पिस्तुलाची पाठ मागे ओढून सोडली, दुसरा बार झाला आणि कुत्री पांगली. त्या दिवसापासून हा माणूस डाव्या खिशाशिवाय घराबाहेर पडला नाही.

पुढे गावातले लोक त्याच्याकडे पिस्तूल सुरक्षितपणे बाळगायला शिकायला येऊ लागले. अग्निशमन दलाच्या शेडमध्ये शनिवारी आठ तासांचा वर्ग तो बावीस वर्षं घेत होता. पहिलाच धडा हा: जिथे शस्त्र न्यायला बंदी आहे तिथे जाण्याआधी सगळे खिसे उलटे करून बघा. नुसतं पिस्तूल काढून ठेवू नका, सगळे खिसे. हे सांगताना तो फळ्यावर हात आपटायचा. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण काही उगीच पडलेली नाही.

तो दिवस कोर्टाचा होता. टिली कोणाकडे राहणार, याचा निकाल त्या दिवशी लागायचा होता.

टिली त्यांची पाच वर्षांची नात. चौदा महिन्यांपूर्वी डेल्मरची मुलगी कोरीन आणि जावई क्लिंट गाडीतून येत होते. पुलावर बर्फ होता. क्लिंट चालवत होता. दोघंही गेली. टिली त्या रात्री आजीआजोबांकडे झोपलेली होती म्हणून वाचली. पोलिसांनी कागदावर बर्फ लिहिला. पण गाडीच्या मागच्या सीटखाली बिअरचा एक रिकामा डबा सापडला होता, आणि डेल्मरने तेवढाच धरून ठेवला. क्लिंटची आई लव्होन प्रुइट, म्हणजे त्याची विहीण, चाळीस मैलांवर एकटी राहायची. डेल्मरने तिचा फोन घेतला नाही, दारात आली तर दार उघडलं नाही. टिलीला चौदा महिने तिच्या नजरेलाही पडू दिलं नाही. शेवटी लव्होननेच कोर्टात अर्ज केला की नातीचा ताबा मला द्या. तिच्या वकिलाचं सगळं म्हणणं एका वाक्यात होतं: हा माणूस अंगावर भरलेलं पिस्तूल घेऊन फिरतो, याच्या घरात पोर सुरक्षित नाही.

डेल्मरची वकील पेन्रोडबाई आदल्या दिवशी फोनवर म्हणाली, "उद्या पिस्तूल आणू नका. अंगावर नको, गाडीतसुद्धा नको. कळलं ना? आणि नऊच्या आत या. न्यायाधीश ऑग्बर्नबाई नऊला म्हणजे नऊला सुरू करतात. जो हजर नाही त्याला सोडून काम पुढे जातं. मागच्या महिन्यात एक जण दहा मिनिटं उशिरा आला आणि पोराला भेटायचा हक्क घालवून बसला."

"पिस्तूल कपाटात, किल्ली नेटाच्या गळ्यात," डेल्मर म्हणाला, आणि खरोखर त्याने तसंच केलं.

सकाळी त्याने सूट चढवला. त्याच्याकडे सूट एकच होता. कोरीनला पुरलं तेव्हा घातला होता तोच. दाराजवळच्या थाळीत रोजच्या वस्तू असायच्या. हात रोजच्यासारखा थाळीत गेला: रुमाल उजवीकडे, गाडीच्या किल्ल्या हातात आणि मॅगझीन डावीकडे. डोकं पूर्ण वेळ पिस्तुलावर पहारा देत होतं. हाताला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

कोर्टासमोरचा रस्ता पाण्याच्या नळासाठी खणून ठेवला होता. नेटाचं कमरेचं ऑपरेशन होऊन दोनच महिने झालेले, म्हणून तिला त्याने दाराशी उतरवलं. पेन्रोडबाई तिला आत घेऊन गेली. गाडी लावायला जागा मिळाली ती तीन गल्ल्या पलीकडे, पेंडीच्या दुकानामागे. तिथून डेल्मर दुखरा गुडघा ओढत परत आला तेव्हा पावणेनऊ वाजले होते आणि दाराबाहेर ही भली मोठी रांग. नेमकं त्याच दिवशी ज्युरीसाठी चाळीस-पन्नास लोकांना बोलावलं होतं. बरोबर त्याच्या मागे येऊन कोण उभं राहिलं असेल? लव्होन. निळा कोट, हातात पर्स, नजर समोरच्या भिंतीवर. दोघांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही.

रांग सरकत होती. आत तपासणीच्या कमानीपाशी होबार्ट उभा होता. शेरीफचा शिपाई, डेल्मरचाच विद्यार्थी. दारावरची पाटी डेल्मरला तोंडपाठ होती: शस्त्रं आणि दारूगोळा आत आणण्यास मनाई. सापडलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद वहीत होईल आणि वही न्यायाधीशांपुढे जाईल. पुढे आठ माणसं उरली तेव्हा त्याने सहज हात खाली सोडले आणि डाव्या हाताच्या पाठीला मांडीवरचं ते ओळखीचं लोखंड लागलं.

डेल्मरच्या पायाखालची जमीन सरकली. आयुष्यात वादळात खांबावर चढला, विजेचे झटके खाल्ले, पण असा गार घाम कधी फुटला नव्हता. गाडीपर्यंत जाऊन यायला त्या गुडघ्याने वीस मिनिटं, वर पुन्हा रांगेच्या शेपटाला उभं राहायचं. होबार्टला दिलं तर नोंद वहीत, वही ऑग्बर्नबाईंच्या टेबलावर. पायऱ्यांजवळ फुलांची एक कुंडी होती, तिच्यातही त्याने आशेने बघून घेतलं. पण पंधरा जिवंत गोळ्या कुंडीत पुरून जाणारा माणूस आपण नव्हे, एवढं त्याला त्या अवस्थेतही कळत होतं. आणि कुंडीवर कॅमेरा होता.

"डाव्या खिशात का?" मागून हळू आवाज आला.

त्याने हात खिशावरून काढून घेतला.

"माझा नवराही डावीकडेच ठेवायचा," लव्होन भिंतीकडे बघतच म्हणाली. "मीही ठेवते. आज घरी ठेवून आलेय. तुमचा हात तिथे गेला आणि तुमचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. आंधळीलाही कळलं असतं. पिस्तूलपण आहे?"

"नाही. देवाशपथ नाही. एवढंच."

"द्या इकडे."

"काय?"

"द्या म्हणते ना. माझी गाडी चर्चच्या आवारात आहे. माझे गुडघे तुमच्याहून बरे आहेत. आणि असे बघू नका माझ्याकडे, होबार्ट इकडेच बघतोय."

डेल्मरच्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगण्यासारखं नाही. जिला चौदा महिने दारात उभं केलं नाही, तिच्या हातात आपली मान द्यायची? हिने हे नेऊन वकिलापुढे ठेवलं तर? पण पुढे पाचच माणसं उरली होती. त्याने उजव्या खिशातला रुमाल काढला, डाव्या खिशात घातला आणि वस्तूसकट बाहेर काढून मागे केला. लव्होनने तो पर्समध्ये टाकला आणि रांगेतून बाहेर पडून निघाली. धावली नाही, पण टाचा टपटप वाजत होत्या.

"काय मास्तर, खिसे उलटे केले ना?" होबार्टने हसत विचारलं.

"केले," डेल्मर म्हणाला, आणि कमानीतून गेला. कमान गप्प राहिली.

कोर्टात बसल्यावर मात्र त्याचा जीव थाऱ्यावर राहीना. लव्होनचा वकील पलीकडे कागद लावत होता आणि सारखा घड्याळ बघत होता. आता ती येईल, त्याच्या कानात सांगेल, रुमाल टेबलावर ठेवला जाईल. रुमालाच्या कोपऱ्यावर नेटाने भरलेलं त्याचं नावही होतं. दर वेळी दार वाजलं की तो दचकायचा.

"काय झालंय तुला? पाणी हवंय?" नेटाने विचारलं.

"काही नाही."

नऊ वाजले. ऑग्बर्नबाई आल्या. बारीक, पांढऱ्या केसांच्या, आवाज मात्र खणखणीत. लव्होनची खुर्ची रिकामी.

"तुमच्या अशील कुठे आहेत?"

"आत्ता येतील, बाहेर रांग फार आहे..." वकील म्हणाला.

"रांग सगळ्यांनाच होती. स्ट्राउड मंडळी आली की. नातीचा ताबा मागणाऱ्या बाईंना नऊला पोचता येत नसेल तर मी तशी नोंद करते आणि पुढे जाते."

पेन्रोडबाईने वहीच्या कोपऱ्यावर भराभरा लिहून डेल्मरपुढे सरकवलं: 'आपलं काम झालं.' नेटाने त्याचा हात घट्ट धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. टिली आपल्याकडेच राहणार, यात आता शंका उरली नव्हती. त्याने फक्त गप्प बसायचं होतं.

आता त्याला कळलं की लव्होन वकिलाकडे गेलीच नव्हती. ती गाडीपर्यंत जाऊन परत आली होती आणि या क्षणी त्या रांगेच्या शेपटाला उभी होती. ज्याने तिचं तोंड बघितलं नाही त्याची चूक पर्समध्ये घालून नेली, म्हणून उभी होती. डेल्मर उठला.

"बसा," पेन्रोडबाईने त्याची बाही ओढली. "बसा हो!"

"बाईसाहेब, त्यांना उशीर माझ्यामुळे झालाय," डेल्मर म्हणाला. "माझ्या खिशात भरलेलं मॅगझीन राहिलं होतं. पिस्तूल घरी कपाटात ठेवलं आणि हे खिशात तसंच. रांगेत लक्षात आलं. मिसेस प्रुइटनी ते माझ्याकडून घेतलं आणि आपल्या गाडीत ठेवायला गेल्या. त्या माझ्या मागेच होत्या, वेळेत होत्या."

पेन्रोडबाईने पेन खाली ठेवलं. नेटाने त्याचा हात सोडला नाही, पण ती त्याच्याकडे असं बघत होती की त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं.

"मिस्टर स्ट्राउड, तुम्ही काय सांगताय हे तुम्हाला कळतंय? समोरचा पक्ष तुमच्याविरुद्ध नेमकं हेच म्हणतोय."

"कळतंय."

"कुणी विचारलं नव्हतं तुम्हाला."

"नाही विचारलं."

ऑग्बर्नबाईंनी होबार्टला रांगेतून लव्होनला घेऊन यायला पाठवलं. ती आली तेव्हा तिचे केस सुटले होते आणि दम लागला होता. मॅगझीन कुठे आहे विचारल्यावर म्हणाली, "गाडीत, पुढच्या कप्प्यात. कुलूप लावलंय." मग आपण कशाबद्दल बोलतोय हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, हे लक्षात येऊन ती डेल्मरकडे वळली. "सांगितलंत?"

"सांगितलं."

"वेडे आहात का हो?"

"मिसेस प्रुइट, इकडे," ऑग्बर्नबाई म्हणाल्या. "तुम्ही नुसत्या गप्प राहिला असतात तर पोरगी बहुतेक तुमच्याकडे आली असती. हे का केलंत?"

लव्होनने पदरमोड करून आणलेल्या आपल्या वकिलाकडे एकदा बघितलं. तो डोळ्यांनी 'नको, नको' म्हणत होता.

"माझ्या मुलाच्या गाडीत बिअरचा एक डबा सापडला," ती म्हणाली. "कधीचा होता, कुणाचा होता, देव जाणे. त्याच्या रक्तात दारूचा एक थेंब नव्हता, तपासणीचा कागद आहे माझ्याकडे. पण त्या डब्यावरून लोकांनी माझा क्लिंट काय होता ते ठरवून टाकलं. एका वस्तूवरून माणसाचा निकाल लागलेला मला परत बघायचा नव्हता. ताबा कोणाला द्यायचा ते तुम्ही ठरवा. पण असा नको."

डेल्मर खाली बघत राहिला. लोकांनी, ती म्हणाली होती. नाव घेतलं नव्हतं. तो कागद तिने चौदा महिन्यांपूर्वी त्याला पाठवला होता आणि त्याने पाकीट न फोडता चुलीत घातलं होतं. हे नेटालाही ठाऊक नव्हतं.

निकाल साडेदहाला लागला. टिली आजीआजोबांकडेच राहणार. एक शनिवार-रविवार सोडून दुसरा लव्होनकडे, आणि उन्हाळ्याचा एक महिना पूर्ण तिच्याकडे. डेल्मरकडे बघत ऑग्बर्नबाईंनी विचारलं की सुरक्षेचा तो आठ तासांचा वर्ग गावात कोण घेतं.

"मीच," डेल्मर म्हणाला.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. होबार्टच असावा.

"मग पुढचा वर्ग दुसरं कुणीतरी घेईल आणि तुम्ही पहिल्या बाकावर बसाल. आठही तास. या बाईंचे आभार माना, मिस्टर स्ट्राउड. मी दुसऱ्याच कुणाच्या तोंडून हे ऐकलं असतं तर आज तुम्ही नात घालवून घरी गेला असतात."

बाहेर आल्यावर तिघंही चर्चच्या आवारात गेली. नेटा काठी टेकत हळूहळू, तोंडाने चालूच: "चाळीस वर्षं सांगतेय मी या माणसाला. चाळीस वर्षं!" लव्होनने गाडीचा कप्पा उघडला आणि रुमालात गुंडाळलेली ती वस्तू डेल्मरच्या हातात दिली.

त्याला आभार मानायचे होते. रस्ताभर त्याने वाक्यं जुळवली होती. पण आता तोंड उघडलं तर आभाराआधी दुसरंच आलं.

"लव्होन, माझी मुलगी गेली त्याच मिनिटाला तुमचा मुलगा गेला. मी तुम्हाला त्याबद्दल एक शब्दही बोललो नाही. कधीच."

"नाही बोललात," लव्होन म्हणाली. "दफनभूमीत मी तुमची वाट बघत उभी होते. सगळे गेल्यावरही थोडा वेळ थांबले."

"तुम्ही पाठवलेला कागद मी वाचला नाही. जाळला."

"वाटलंच होतं मला."

"चुकलं माझं. आणि आज तुम्ही जे केलंत ते... मला फेडता नाही येणार ते."

लव्होन कप्प्याचं झाकण लावत होती, ते लागत नव्हतं. तिने दोनदा आपटलं. मग डोळे पुसून म्हणाली, "टिलीला भेटायचं कागदावर पुढच्या शनिवारपासून लिहिलंय."

"बालवाडी बाराला सुटते," डेल्मर म्हणाला. "चला."

"आज?"

"आजच. कागद राहू दे कागदाच्या जागी."

लव्होनला बालवाडीचा रस्ता ठाऊक नव्हता, म्हणून तिने आपल्या गाडीची किल्ली डेल्मरला दिली. नेटाने मागचं दार उघडलं आणि कमरेची पर्वा न करता चढून बसली. "तुम्ही पुढे बसा, लव्होन. आणि तू ते लोखंड पायाशी ठेव, बालवाडीत घेऊन उतरलास तर मीच वहीत नोंद करीन."

वाटेत लव्होनने एकच प्रश्न विचारला, तोही दोनदा. "ओळखेल का हो ती मला?" चार वर्षांच्या आतलं पोर चौदा महिन्यांत किती विसरतं ते डेल्मरने कुणाला विचारलंच नव्हतं. तो एवढंच म्हणत होता की बघू, बघू. आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानत होता, की शेजारच्या सीटवर ही बाई आज बसली आहे.

टिली फाटकातून आली, आजोबांना बघून धावली आणि मध्येच थांबली. लव्होनकडे बराच वेळ बघत राहिली. लव्होन जागची हलली नाही.

"आजी," टिली शेवटी म्हणाली, जरा रागानेच. "तू इतके दिवस आली का नाहीस?"

"मी लांब राहते ना गं, बाळ," लव्होन म्हणाली. "रस्ता किती लांबचा..."

डेल्मर दुखऱ्या गुडघ्यावर खाली बसला. "नाही टिली. आजी येत होती. मीच येऊ दिलं नाही तिला."

टिलीने त्याच्याकडे बघितलं. "का?"

"चुकलो म्हणून."

टिलीने यावर थोडा विचार केला. मग दप्तर उतरवून आजोबांच्या हातात दिलं आणि लव्होनचा हात धरून गाडीकडे चालू लागली. डेल्मरला उठायला वेळ लागला. नेटाने काठी पुढे केली, ती धरून तो उठला आणि दप्तर घेऊन त्यांच्या मागे निघाला.